तिसरं तांबं: कॉपर-ए जागेच्या अभ्यासातलं एक प्रकरण

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेतलं हे प्रकरण आहे. त्यात मुख्यतः तीन माणसं: पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक सर आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम केलेले सहायक, ज्यांना सगळे काका म्हणतात. मी विद्यार्थिनीच्या प्रगती समितीवर होते, त्यामुळे बऱ्याच चर्चा माझ्यासमोर झाल्या. तिघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

## पार्श्वभूमी

आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचा बहुतांश भाग शेवटी एकाच एन्झाइमपाशी खर्ची पडतो: सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात ते रोवलेलं असतं. सायटोक्रोम सी एकेक इलेक्ट्रॉन आणून देतं आणि असे चार इलेक्ट्रॉन मिळाले की ऑक्सिजनच्या एका रेणूचं दोन रेणू पाण्यात रूपांतर होतं. या वाटेवर तांबं दोन ठिकाणी लागतं. आत खोलवर, हीम ए-३ या लोह असलेल्या गटाच्या समोर, कॉपर-बी बसलेलं असतं. तिथे तांब्याचा एक अणू तीन हिस्टिडिनांनी धरलेला असतो, आणि त्यातलं एक हिस्टिडिन शेजारच्या टायरोसिनला कायमचं जोडलेलं असतं. ऑक्सिजन तुटतो तो इथेच. दुसरी जागा कॉपर-ए. ती एन्झाइमच्या दुसऱ्या उपघटकात, पटलाच्या बाहेर डोकावणाऱ्या भागात असते. सायटोक्रोम सीकडून इलेक्ट्रॉन पहिल्यांदा हातात घेते ती हीच जागा.

कॉपर-एची रचना मला अजूनही देखणी वाटते. तांब्याचे दोन अणू, मध्ये जेमतेम अडीच अँगस्ट्रॉमचं अंतर, आणि दोन सिस्टिनांचे गंधक दोन्ही अणूंना पुलासारखे जोडणारे. प्रत्येक तांब्याला एकेक हिस्टिडिन; शिवाय एकाला मेथिओनिनचा गंधक आणि दुसऱ्याला मुख्य साखळीतला एक ऑक्सिजन. ऑक्सिडाइझ्ड (इलेक्ट्रॉन आत येण्याआधीच्या) अवस्थेत दोन्ही अणू मिळून एक सुटा इलेक्ट्रॉन सारखा वाटून घेतात. त्यामुळे यातलं एक तांबं कप्रस (भार एक) आणि दुसरं क्युप्रिक (भार दोन) असं म्हणता येत नाही. दोघांचाही भार दीड. इलेक्ट्रॉन आत आला की बाहेर गेला, जागेचा आकार फारसा हलत नाही, म्हणून देवाणघेवाण झटपट होते. या वाटणीमुळेच प्रथिनाला गडद जांभळा रंग येतो: ४८० आणि ५३० नॅनोमीटरला जोडीने दोन पीक आणि पलीकडे ७९० च्या आसपास एक रुंद पट्टा.

अख्ख्या ऑक्सिडेजवर काम करणं अवघड असतं. गाईच्या हृदयातल्या एन्झाइमला १३ उपघटक, त्यातले बरेचसे पटलात रुतलेले, आणि हीमच्या रंगाखाली तांब्याचा रंग झाकला जातो. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा थर्मस थर्मोफिलस या गरम झऱ्यांतल्या जिवाणूच्या बीए-३ ऑक्सिडेजमधला फक्त कॉपर-ए असलेला तुकडा घेतात. तो पाण्यात विरघळतो, ई. कोलाय जिवाणूत भरपूर तयार होतो आणि तापवला तरी बिघडत नाही. त्यात दोन सिस्टिनं १४९ आणि १५३ व्या स्थानी, हिस्टिडिनं ११४ आणि १५७ व्या, मेथिओनिन १६० व्या. विद्यार्थिनीचा विषय या मेथिओनिनच्या आजूबाजूच्या वळणाचा होता: तिथली अमिनो आम्लं बदलली तर इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ किती बदलते?

प्रयोगशाळेत या तुकड्याचा जुना प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) होता, पण त्यातल्या प्रथिनाला शेपूट, म्हणजे शुद्ध करताना धरायला जोडलेला अमिनो आम्लांचा तुकडा, नव्हतं. प्रथिन शुद्ध करायचं तर आधी ई. कोलायचा अर्क गरम करून बाकीची प्रथिनं साकळवून काढायची आणि मग आयन-एक्स्चेंजचे दोन कॉलम चालवायचे. बरीच म्युटंट्स (अमिनो आम्ल बदललेली रूपं) करायची असल्याने सरांनी पीईटी-२८ए या तयार मिळणाऱ्या प्लास्मिडमध्ये नवीन बांधणी करायला सांगितली: सुरुवातीला सहा हिस्टिडिनांचं शेपूट, त्याच्यापुढे थ्रॉम्बिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने कापायची जागा, आणि मग आपलं प्रथिन. निकेलच्या एका कॉलमवर काम भागतं. वेळ वाचवणारा आणि त्या वेळी सगळ्यांना पटलेला निर्णय.

## अडचण

पहिलं शुद्ध प्रथिन तयार झालं. तांबं घातल्यावर ते जांभळं व्हायला हवं होतं, पण रंग निळसर मोरपंखी आला. तांबं मोजलं तर एका रेणूमागे तीनच्या बरंच वर. त्यात नवल नव्हतं, कारण सहा हिस्टिडिनांचं शेपूट निकेल धरतं तसंच तांबंही धरतं, आणि असं तांबं ६०० नॅनोमीटरच्या पुढे रुंद, फिका निळा पट्टा देतं. थ्रॉम्बिनने शेपूट कापलं, निसटतं तांबं डिसॉल्टिंग कॉलमवर काढून टाकलं. निळा रंग गेला आणि पिकलेल्या जांभळासारखा गडद रंग आला. ५३० नॅनोमीटरचा पीक हवा तसा होता.

पण तांबं मात्र दोनवर न येता तीनवर येऊन थांबलं. नवीन बॅच, पुन्हा तीन. कमीजास्त नाही, जवळजवळ नेमकं तीन.

इथे सगळ्यांचेच कान टवकारले. इकडेतिकडे चिकटलेलं फुकटचं तांबं असतं तर आकडा बॅचगणिक हलला असता: कधी २.४, कधी ३.६. पूर्णांक येणं म्हणजे तिसऱ्या तांब्यालाही ठरलेली जागा आहे. विद्यार्थिनीचा तर्क असा होता, आणि तो चुकीचा नव्हता. तिसऱ्या तांब्याला खरोखरच ठरलेली जागा होती. ती नेमकी कुठे, हे मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

## जुनं भांडण, आणि ते इथे का आठवलं

समितीच्या बैठकीत तिने इतिहास पुढे केला. सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये दोन लोह आणि दोन तांबं, असंच कित्येक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. मोजणीत जास्तीचं तांबं निघालं की ते अशुद्धी म्हणून बाजूला काढलं जाई. १९८७ मध्ये श्टेफेन्स, बीवाल्ड आणि बुझे यांनी नेटाने मोजून सांगितलं की या एन्झाइममध्ये तांबं तीन आहे. तरीही वाद चालूच राहिला. याच सुमारास नायट्रस ऑक्साइड रिडक्टेस या, कॉपर-ए असलेल्या दुसऱ्या एन्झाइमचा ईपीआर (सुट्या इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय सिग्नल टिपणारी पद्धत) स्पेक्ट्रम पाहून क्रोनेक आणि सहकाऱ्यांनी मांडलं की कॉपर-ए हा एकटा अणू नसून दोन अणूंची जोडी आहे. एकट्या तांब्याच्या अणुकेंद्राने सिग्नल चार रेघांत विभागतो. तोच इलेक्ट्रॉन दोन अणूंत सारखा वाटला गेला तर सात रेघा दिसायला हव्यात, आणि तिथे त्या दिसत होत्या. १९९५ मध्ये जपानमधल्या गटाने गाईच्या हृदयातल्या आणि जर्मनीतल्या गटाने पॅराकॉकस जिवाणूतल्या ऑक्सिडेजची स्फटिकरचना जाहीर केली, तेव्हा जोडी सगळ्यांना डोळ्यांनी पाहता आली.

"मॅडम, तेव्हासुद्धा जास्तीचं तांबं कचरा म्हणून झटकलंच होतं ना?" तिने मला विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता आणि आजही मला तो या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. "तिसरं तांबं म्हणजे घाण" असं म्हणून विषय संपवणं ही त्या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरली असती. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९८७ च्या आकड्याने वाद मिटला नाही. तो मिटला ते प्रत्येक तांब्याला कोणती अमिनो आम्लं धरून आहेत हे दिसलं तेव्हा. सर एवढंच म्हणाले, "आधी ते कुठे बसलंय ते दाखव, मग त्याला नाव देऊ."

एक व्यवहारी पेचही होता. परिषदेचा गोषवारा पाठवायची तारीख जवळ आली होती, आणि "कॉपर-एच्या शेजारी तिसरी तांब्याची जागा" या मथळ्याने पोस्टरला गर्दी झाली असती.

## समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय: मोजणीवरच शंका घ्यायची. प्रथिनाचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी मोजलं गेलं, तर खरे दोन तीन दिसतात. अख्ख्या ऑक्सिडेजमध्ये लोहाशी तुलना करून तांबं ताडून पाहता येतं. या तुकड्यात लोहच नाही. त्यावर तोडगा म्हणजे आयसीपीवर (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) तांब्याबरोबर गंधकही मोजायचं, कारण प्रथिनात सिस्टिन आणि मेथिओनिन किती हे नक्की माहीत असतं. यात एक खोच आहे. नेहमीच्या हेपीस बफरमध्येच गंधक असतं, त्यामुळे आधी सँपल ट्रिसमध्ये आणावं लागतं. हे लवकर होण्यासारखं होतं.

दुसरा पर्याय ईडीटीए, म्हणजे धातू पकडून ठेवणारं रसायन. तिसरं तांबं ओढून काढायचं आणि दोन उरतात का पाहायचं. मी याच्या विरोधात होते. ईडीटीएची पकड इतकी घट्ट असते की उघड्यावरच्या खऱ्याखुऱ्या जागेतलं तांबंही ते घेऊन जातं. तांबं निघालं म्हणून जागा खोटी ठरत नाही आणि राहिलं म्हणून खरी ठरत नाही. उत्तर काहीही आलं तरी आपण होतो तिथेच.

तिसरा: कॉपर-ए तयारच होऊ शकणार नाही असं प्रथिन घ्यायचं आणि त्याला तांबं द्यायचं. दोन्ही सिस्टिनांची सेरिनं केलेला म्युटंट करता आला असता, पण त्यात वेळ गेला असता. चौथा: शेपूट नसलेल्या जुन्या प्लास्मिडकडे परत जायचं. तो प्लास्मिड कुठे आहे हे मात्र त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचवा: ईपीआर, आणि त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संस्थेत वेळ घ्यावी लागणार होती.

आणि एक पर्याय मोठ्याने कुणी बोललं नाही, तरी खोलीत तो होताच: गोषवारा पाठवून द्यायचा, बाकीचं परिषदेपर्यंत करायचं.

## काय केलं

गोषवाऱ्याचा निर्णय आधी झाला. सरांनी तिसऱ्या तांब्याचा उल्लेख काढायला लावला आणि फक्त रेडॉक्स मापनाचा (इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीचा) भाग पाठवला. विद्यार्थिनी नाराज झाली, आणि तिला तसं वाटणं साहजिकच होतं. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी हातात काहीतरी नवं लागलंय असं वाटत असताना थांबायला सांगणं सोपं नाही, आणि ऐकून घेणं तर त्याहून अवघड. सरांनी तिला एक गोष्ट मात्र दिली: ईपीआरचा वेळ लगेच मागवला आणि म्युटंटची बाकीची कामं तोवर थांबवली. नुसतं थांब म्हणून सोडून दिलं असतं तर ही गोष्ट वेगळ्या वळणावर गेली असती, असं मला वाटतं.

गंधकाची मोजणी आधी आली. प्रथिनाचं प्रमाण बरोबर होतं. तांबं खरोखरच तीन. मोजणीची शंका फिटली.

ईपीआरला कोणती सँपल न्यायची यावरून थोडी वादावादी झाली. विद्यार्थिनीची यादी सरळ होती: ऑक्सिडाइझ्ड प्रथिन, शेपटासकट आणि शेपटाविना. मी म्हटलं, अ‍ॅस्कॉर्बेट घालून रिड्यूस केलेलं, म्हणजे इलेक्ट्रॉन भरवलेलं, सँपलही घेऊन जा. तिला ते वाया जाणारं वाटलं. कॉपर-ए रिड्यूस झालं की दोन्ही तांबं कप्रस होतात आणि ईपीआरला काहीच दिसत नाही. मग रिकामं सँपल कशाला? मला तेच रिकामेपण हवं होतं. कॉपर-ए बोलायचं थांबलं की तिसऱ्याचा आवाज ऐकू येईल.

ही सूचना मला सुचली ती एका लहानशा दृश्यामुळे. ती क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रम घ्यायच्या पारदर्शक डबीत) अ‍ॅस्कॉर्बेट घालत होती आणि मी शेजारी उभी होते. जांभळा रंग बघता बघता उतरला. मग तिने क्युव्हेट काढून उजेडाकडे धरली आणि आतलं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ नव्हतं. अगदी फिकी, जेमतेम जाणवेल अशी गुलाबी छटा उरली होती. तिच्या नोंदवहीत ती नव्हती. कारण साधं होतं: ती ऑक्सिडाइझ्ड स्पेक्ट्रममधून रिड्यूस्ड स्पेक्ट्रम वजा करायची, म्हणजे पार्श्वभूमी जाते. पद्धत सर्वमान्य आहे. पण रिड्यूस होत नाही असं जे काही असेल, ते या वजाबाकीत कायमचं नाहीसं होतं.

संगणकात मूळ स्पेक्ट्रम होतेच. ते उघडून पाहिले तर प्रत्येक रिड्यूस्ड सँपलमध्ये ५२५ नॅनोमीटरच्या आसपास एक बुटका उंचवटा होता. कॉपर-एच्या पीकची तीव्रता तीन हजारांच्या घरात, तर याची सुमारे शंभर. गडद रंगाच्या पोटात तो बेमालूम दडून बसला होता, तेही ५३० च्या पीकच्या बरोबर खाली.

जुलैत सँपल गेली. द्रव नायट्रोजनचं ड्यूअर (उष्णतारोधक भांडं) टॅक्सीच्या मागच्या सीटवर दोघांनी धरून, खिडक्या थोड्या उघड्या ठेवून (नायट्रोजन उडतो, बंद गाडीत ते धोक्याचं असतं, पावसाच्या झडी आत येत होत्या, पण काच वर करायची नाही असं काकांनी बजावलं होतं). फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत ठीक गेलं, पुढे कुर्ल्याला पाणी भरलेलं. वेळ निम्मी संपल्यावर पोहोचले, तेव्हा सगळी सँपल घेणं शक्य नव्हतं. विद्यार्थिनीने तिथे उभ्या उभ्या ठरवलं: शेपटासकटचं सोडायचं, रिड्यूस केलेलं घ्यायचं. त्या दिवसाचा सर्वांत चांगला निर्णय तो होता, आणि तो तिचा होता.

ऑक्सिडाइझ्ड सँपलचा स्पेक्ट्रम गोंधळात टाकणारा आला. कॉपर-एचा सिग्नल आणि दुसरं काहीतरी, दोन्हींचं मुख्य जी-मूल्य (सिग्नल स्पेक्ट्रममध्ये कुठे पडतो ते सांगणारा आकडा) २.१८ च्या आसपास, एकमेकांवर चढलेले. मात्र एक आकडा बोलका होता. सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या तीन तांब्यांमागे जवळपास दोन आली. कॉपर-एचं जोडपं मिळून एक इलेक्ट्रॉन देतं. म्हणजे उरलेला एक तिसऱ्या तांब्याचा, आणि ते तांबं एकटं, जोडप्याशी काही संबंध नसलेलं क्युप्रिक तांबं आहे.

रिड्यूस्ड सँपलमध्ये तर पडदाच उघडला. कॉपर-ए गप्प, आणि मागे चार स्वच्छ रेघा: एकच अणू, रेघांमधलं अंतर मोठं, आणि त्यांच्या कडेला बारीक दातेरी विभाजन. ते दाते मोजून बसवले तर एकच हिशेब जुळत होता: या तांब्याभोवती चार नायट्रोजन, चौकोनात.

## निर्णायक क्षण

चार नायट्रोजन एका तांब्याला, आणि अ‍ॅस्कॉर्बेटला दाद नाही. कॉपर-एच्या आसपास असं काही असू शकत नाही; तिथे प्रत्येक तांब्याला हिस्टिडिनाचा एकच नायट्रोजन मिळतो. मग प्रथिनात कुठे एकत्र चार नायट्रोजन सापडतील?

उत्तर विद्यार्थिनीने शोधलं. मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन तपासून तिने आधीच खात्री केली होती की थ्रॉम्बिनने बरोबर जागी कापलं आहे. आता तिने फळ्यावर कापल्यानंतरची पहिली चार अमिनो आम्लं लिहिली: ग्लायसिन, सेरिन, हिस्टिडिन, मेथिओनिन. आणि लिहिता लिहिता थांबली. तिसऱ्या स्थानी हिस्टिडिन.

ज्यांचा तांब्याशी रोजचा संबंध आहे त्यांना ही खूण ओळखीची असते. प्रथिनाच्या मोकळ्या सुरुवातीपासून तिसरं अमिनो आम्ल हिस्टिडिन असेल तर सुरुवातीचा अमिनो गट, मुख्य साखळीतले दोन अमाइड नायट्रोजन आणि हिस्टिडिनाचा एक, असे चौघे मिळून क्युप्रिक तांब्याला चौकोनात घट्ट आवळतात. याला अ‍ॅटकन मोटीफ म्हणतात. निकेललाही तो तसाच धरतो. आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिनची सुरुवात अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलानिन, हिस्टिडिन अशी होते आणि ते नेमकं याच जागी तांबं वागवतं. रंग फिका गुलाबी-जांभळा, पट्टा ५२५ नॅनोमीटरच्या आसपास. अ‍ॅस्कॉर्बेटने तो रिड्यूस होत नाही. सगळं जुळलं.

म्हणजे सहा हिस्टिडिनांचं शेपूट कापून आम्ही एक तांब्याची जागा काढली आणि त्याच कात्रीने दुसरी तयार केली. शेपूट असताना ही जागा अस्तित्वातच नव्हती, कारण ते हिस्टिडिन साखळीच्या मधोमध होतं. थ्रॉम्बिनने कापल्यावर ते तिसऱ्या क्रमांकावर आलं. आणि प्रत्येक रेणूत असं टोक एकच, म्हणून तांबं पुरेसं असलं की दर रेणूमागे एकच जास्तीचं. जो पूर्णांक पाहून खरी जागा सापडली असं वाटलं, तो तिथून आला होता.

## पडताळणी

तरीही नुसत्या तर्कावर भागवायचं नाही असं ठरलं.

प्रयोगशाळेत नव्या बांधणीचं एक बिघडलेलं सँपल पडून होतं. हवा लागून त्यातल्या दोन्ही सिस्टिनांचं डायसल्फाइड झालं होतं, म्हणून कॉपर-ए त्यात तयार होऊच शकत नव्हतं. कॉपर-ए भरताना हा धोका नेहमीचाच. क्युप्रिक तांबं स्वतःच सिस्टिनांना ऑक्सिडाइझ करू शकतं, आणि थर्मसमध्ये ती रिड्यूस्ड ठेवायचं काम स्को नावाचं प्रथिन करतं. टाकून द्यायचं ते सँपल आता नेमकं उपयोगी पडलं. त्याला तांबं दिलं, धुतलं, मोजलं: रेणूमागे एक तांबं, फिका गुलाबी रंग. दोन्ही सिस्टिनांचा म्युटंट करायची गरजच उरली नाही.

दुसरी तपासणी काकांमुळे झाली. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये सर्वांत खालच्या रॅकमध्ये जुने ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवलेले जिवाणू) त्यांनी कधीच फेकले नव्हते. एका नळीवरचं लेबल अर्धं पुसलेलं, पण वहीत क्रमांक होता. त्यांनी ती काढून दिली आणि म्हणाले, "आधी प्लेटवर रेष ओढून बघ, थेट फ्लास्कमध्ये नको." कॉलनी आल्या. शेपूट नसलेलं प्रथिन जुन्या पद्धतीने शुद्ध केलं, गरम करून आणि दोन कॉलम चालवून. तांबं दोन. अ‍ॅस्कॉर्बेट घातल्यावर क्युव्हेट पाण्यासारखी.

## फळ काय निघालं

रेडॉक्स मापनं जशीच्या तशी वापरता आली, कारण तिसरं तांबं त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन घेतही नाही आणि देतही नाही. परिषदेला पाठवलेल्या गोषवाऱ्यातला एकही शब्द मागे घ्यावा लागला नाही. सुट्या इलेक्ट्रॉनांची जुनी मोजणी आणि ४०० ते ६०० नॅनोमीटर पट्ट्याचं सूक्ष्म विश्लेषण मात्र रद्द केलं. म्युटंट्स पुन्हा बांधावे लागले. शेपूट ठेवायचंच असेल तर कापल्यावर तिसऱ्या जागी हिस्टिडिन उरणार नाही अशी रचना करायची म्हणून त्या हिस्टिडिनाच्या जागी अ‍ॅलानिन घातलं. थोडे प्रायमर आणि बराचसा वेळ, एवढा खर्च आला.

प्रबंधात या सगळ्याला एक स्वतंत्र उपप्रकरण मिळालं. बाह्य परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

## वेगळं काय करता आलं असतं

बांधणी निवडताना डीएनएचा नकाशा पाहिला गेला, पण कापल्यानंतर उरणारी अमिनो आम्लं कुणी लिहून काढली नाहीत. धातूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत ही पहिली पायरी असायला हवी. कापलेल्या प्रथिनाची पहिली पाच अमिनो आम्लं कागदावर लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि त्यात हिस्टिडिन किंवा सिस्टिन दिसलं तर तिथेच थांबता येतं. पीईटी-२८ए इतका सर्रास वापरला जातो की त्याच्या कापलेल्या टोकाला कुणी प्रथिनाचा भाग समजतच नाही.

रिड्यूस्ड स्पेक्ट्रम वजा करायची सवय सोडायची गरज नाही, पण वजा करण्याआधी तो एकदा स्वतंत्र पाहायला हवा होता. मला विचाराल तर सगळ्यांत स्वस्तात सुटका तिथे होती: क्युव्हेटमधली गुलाबी छटा पहिल्याच दिवशी होती.

नियंत्रण प्रयोगांचा क्रमही उलटा करता आला असता. डायसल्फाइड झालेलं सँपल सुरुवातीपासून फ्रीजमध्येच होतं. ते पहिल्यांदा वापरलं असतं तर पावसात ड्यूअर घेऊन जायची वेळ कदाचित आली नसती. अर्थात ईपीआरशिवाय चार नायट्रोजन कळले नसते, आणि तिसरं तांबं नेमकं कुठे आहे याऐवजी ते कॉपर-एपाशी नाही एवढंच हाती आलं असतं. त्यामुळे माझं मत इथे दोन्हीकडे झुकतं.

गोषवाऱ्याबद्दल सरांशी मी आजही सहमत आहे. पण त्या बैठकीत विद्यार्थिनीच्या ऐतिहासिक युक्तिवादाला आणखी वेळ द्यायला हवा होता. ती जे विचारत होती, जास्तीचं तांबं कचरा आहे हे तुम्ही कशावरून ठरवता, त्याला आम्ही मोठ्यांनी प्रयोगाने उत्तर देण्याआधी जरा घाईने "थांब" म्हटलं.

सध्या ती त्याच प्रयोगशाळेत, कॉपर-एची जागा पेशीत भरली कशी जाते यावर काम करते आहे. थर्मसमध्ये पीसीयू-एसी नावाचं प्रथिन कप्रस तांबं एकेक करून कॉपर-एच्या जागेत ठेवतं. कोण कुणाला किती तांबं देतं याचा हिशेब मांडताना बाजूला एखादं टोक गुपचूप तांबं उचलत असेल तर सगळंच बिघडेल, म्हणून तिने दोन्ही प्रथिनं शेपटाविना घेतली आहेत. प्रयोगशाळेतल्या पीईटी-२८ए मधल्या बाकीच्या बांधण्या काका आणि ती मिळून एकेक तपासत आहेत. त्यातल्या दोन निकेलवर काम करणाऱ्या प्रथिनांच्या आहेत, आणि त्यांची जुनी मोजणी पुन्हा करायचं ठरलं आहे.